उमेदवारी आणि परमुलूख

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं पुण्यास माझ्या बहिणीच्या घरीं एक पत्र आलें. तिची मुलगी तेव्हां भूशास्त्राच्या अभ्यासाच्या शेवटच्या वर्षाला होती. दिवाळीनंतर सहा महिने वणीजवळच्या एका कोळशाच्या खाणीवर राहून तिनें प्रत्यक्ष काम शिकावें, अशी त्या पत्रांत सूचना होती. वेतन नांवापुरतें, राहण्याची सोय ज्याची त्यानें पाहावयाची, आणि होकार वा नकार पंधरा दिवसांच्या आंत कळवावयाचा. पत्र पांच-सात ओळींचें. पण त्यानें घरांत चार पक्ष उभे केले. वडिलांनीं नकाशा उघडून अंतर मोजलें आणि मान हलविली. जेवणाखाणाचें आणि दुखण्याखुपण्याचें तेथें कोण पाहील, हा आईचा प्रश्न. आजीनें यवतमाळकडच्या वाघांच्या बातम्या वर्तमानपत्रांत वाचलेल्या होत्या. तिला दुसरें कारण नकोच होतें. मुलगी मात्र कांहीं बोलत नव्हती. आणि जिच्याविषयीं निर्णय घ्यावयाचा तीच गप्प बसली म्हणजे वाद अधिकच लांबतो, हा सर्व घरांतला अनुभव आहे.

अखेरीस सर्वांचे डोळे माझ्याकडे वळले. "दादा, तूं एवढा इतिहास वाचतोस, आतां तूंच काय तें सांग," असें बहीण म्हणाली. इतिहास सल्ला देत नाहीं. परंतु एखादा प्रश्न आपल्याआधीं कोणापुढें आला, तो सोडवितांना त्यांनीं कशाचा विचार केला आणि कशाचा करावयाचा राहिला, एवढें तो खात्रीनें सांगतो. त्या दिवशीं घरीं जें बोललों, तेंच आज जरा सविस्तर आपल्यापुढें मांडतों.

प्रथम शब्दाकडे पाहूं. आजचे तरुण ज्याला 'इंटर्नशिप' म्हणतात, त्याला आपल्या भाषेंत जुना आणि नेमका शब्द आहे: उमेदवारी. निवडणुकांनीं तो आपल्या हातून जवळजवळ काढून घेतला आहे. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. आशेवर राहणारा तो उमेदवार. कचेरींत, पेढीवर किंवा वकिलाच्या हाताखालीं, पुढें पगाराची जागा मिळेल या आशेनें जो कांहीं काळ बिनपगारी राबतो आणि राबतां राबतां धंदा शिकतो, तो उमेदवार, असा या शब्दाचा जुना अर्थ. १९६१ सालच्या कायद्यानें त्याला 'शिकाऊ' हें विशेषण जोडून सरकारी कागदांत ठेवून दिलें, म्हणून तो अगदींच नष्ट झाला नाहीं. या शब्दांत दोन गोष्टी गृहीत आहेत. एक, उमेदवार कायमचा जात नाहीं. त्याच्या जाण्याला मुदत असते. दुसरी, तो कमाईसाठीं जात नाहीं, शिकण्यासाठीं जातो. म्हणून जेथें राबणें आहे पण शिकणें नाहीं, ती उमेदवारी नव्हे. ती फुकटची चाकरी होय. जुन्या कचेऱ्यांतून असे उमेदवार वर्षानुवर्षें नुसत्या नकला करीत बसत, आणि त्यांची उमेद संपली तरी उमेदवारी संपत नसे. तेव्हां पत्र आल्याबरोबर पहिला प्रश्न अंतराचा नव्हे, तर तेथें शिकविणारा कोण आणि शिकावयाचें काय, हा आहे.

आतां गांवाकडे वळूं. वणी हें यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व बाजूचें, निर्गुडा नदीच्या कांठचें तालुक्याचें गांव. पूर्वेस वर्धा नदी आणि तिच्या पलीकडे चंद्रपूर जिल्हा. दक्षिणेस पैनगंगा आणि तिच्या पलीकडे तेलंगण. काळी जमीन, कापसाचीं शेतें, राजुराकडच्या चुन्याच्या भट्ट्या आणि खालीं दगडी कोळसा. मराठी, गोंडी, कोलामी आणि तेलुगु या भाषा या टापूंत एकमेकींच्या शेजारीं नांदतात. पुण्यामुंबईच्या माणसाला हा नकाशाचा कोपरा वाटतो. परंतु एके काळीं सबंध जिल्हाच या गांवाच्या नांवानें ओळखला जात असे. १८५३ सालीं निझामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. १८६४ सालीं आग्नेय वऱ्हाडाचा निराळा जिल्हा पाडण्यांत आला, आणि पुढें सरकारी दप्तरांत त्याला 'वूण' जिल्हा, म्हणजेच वणीचा जिल्हा, असें नांव पडलें. कचेरी यवतमाळास आणि नांव वणीचें, असा हा प्रकार १९०५ पर्यंत चालला. त्या सालीं जिल्ह्यानें यवतमाळ हें नांव घेतलें, आणि वणी तालुक्यापुरती उरली. अपरिचितपणा हा गांवाचा गुण नव्हे. तो पाहणारा कोठें उभा आहे यावर ठरतो.

याच वणींत २९ ऑगस्ट १८८० रोजीं माधव श्रीहरि अणे यांचा जन्म झाला. लोकनायक बापूजी अणे म्हणून पुढें देश ज्यांना ओळखूं लागला, ते हेच. त्यांच्या लहानपणीं सबंध वऱ्हाडांत एकही महाविद्यालय नव्हतें. नागपुरास मॉरिस महाविद्यालय १८८५ सालीं निघालें होतें; पण नागपूर विद्यापीठ आणि अमरावतीचें महाविद्यालय हीं दोन्ही १९२३ सालचीं. तोंपर्यंत वऱ्हाडांतील मुलाला शिकावयाचें म्हणजे घर सोडणें प्राप्तच होतें. बापूजी नागपुरास शिकले आणि १९०२ सालीं कलकत्ता विद्यापीठाचे पदवीधर झाले. कारण नागपूरचें महाविद्यालय तेव्हां त्या दूरच्या विद्यापीठाला जोडलेलें होतें. पुढें अमरावतीस त्यांनीं कांहीं वर्षें शाळेंत शिकविलें, कायद्याची परीक्षा दिली, आणि १९०८ सालीं यवतमाळास वकिली सुरू केली. १९३० सालचा जंगल सत्याग्रह, १९४१ सालीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत प्रवेश, १९४३ सालीं गांधीजींच्या उपोषणाच्या वेळीं तेथून राजीनामा, त्याच वर्षापासून १९४७ पर्यंत सिलोनांत हिंदुस्थानचे प्रतिनिधि आणि १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल, असा त्यांच्या आयुष्याचा प्रवास आहे. जो मनुष्य कोलंब्यास आणि पाटण्यास सारख्याच सहजतेनें वावरला, त्याचें पहिलें परदेशगमन वणीहून नागपूरला झालेलें होतें.

'परदेशगमन' हा शब्द मी थट्टेनें वापरीत नाहीं. त्या काळीं वणीकराला जवळचें आगगाडीचें ठाणें म्हणजे वर्धा नदीपलीकडचें वरोरें. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा तो लोहमार्ग १८७७ सालचा. आणि तो विद्यार्थ्यांसाठीं नव्हे, कोळशासाठीं टाकलेला. त्याच रुळांवरून या मुलखांतील किती तरी मुलें पेटी आणि वळकटी घेऊन नागपुरास गेलीं असतील, आणि त्यांच्या घरोघरीं कोणते संवाद झाले असतील, याची कल्पना करणें कठीण नाहीं. नागपूर किती मोठें, तेथें ओळखीचें कोण, खाणावळीचें अन्न मानवेल काय, मुलगा बिघडणार तर नाहीं ना! पुण्यांतल्या दिवाणखान्यांत मी जे प्रश्न ऐकत होतों, ते वणीच्या ओसरीवर सवाशें वर्षांपूर्वीं विचारून झालेले होते. फरक इतकाच, कीं तेव्हां वणीचें घर मूल धाडीत होतें आणि आतां वणी तें घेणार होती.

ही उलटापालट कशी झाली, याचें उत्तर जमिनीखालीं आहे. वर्धा नदीच्या दोन्ही तीरांना कोळशाचे थर पसरलेले आहेत. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ सालीं सुरू झाली आणि १९०६ सालीं बंद पडली; तोंवर दक्षिणेस बल्लारपूरची खाण निघाली होती. नदीच्या अलीकडे, वणीच्या बाजूस, राजुराची खाण जुनी. १९७३ सालीं कोळशाच्या खाणींचें राष्ट्रीयीकरण झालें, १९७५ सालीं नागपुरास वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि नंतरच्या काळांत उकणी, कोलारपिंपरी, भांदेवाडा या वणीभोंवतालच्या खेड्यांचीं नांवें खाणींचीं नांवें होऊन बसलीं. मात्र खाणींपाठोपाठ विद्या लगेच आली नाहीं. खनिविद्येची मोठी शाळा १९२६ सालीं निघाली ती धनबादेस. नागपुरास तशी सोय होण्यास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. पायाखालीं कोळसा असलेल्या गांवच्या मुलालाही कोळशाची विद्या शिकण्यासाठीं बिहारची वाट धरावी लागावी, हा आपल्या देशांतील शिक्षणाच्या इतिहासाचा एक नमुना आहे. आणि तरीही खाणीच्या व्यवस्थापकाचें प्रमाणपत्र केवळ परीक्षेवर कोणाला मिळत नाहीं; ठरलेला काळ प्रत्यक्ष खाणींत घालवावाच लागतो. ग्रंथ पुण्यास मिळतील, पण खाण पुण्यास आणतां येणार नाहीं. पत्रांतील सूचनेचें मर्म तें होतें.

येथपर्यंत ऐकून माझे मेहुणे म्हणाले, "मुलगा असता तर मी एवढा विचार केला नसता." त्यांचा हा प्रामाणिकपणा मला आवडला, कारण खरी अडचण ती होती. कायद्याचीही तीच अडचण होती. १९५२ च्या खाण कायद्यानें स्त्रियांना जमिनीखालीं काम करण्यास मनाई केली होती, आणि खाणीवर जमिनीच्या वरही रात्रीचें काम त्यांना बंद होतें. २०१९ सालीं सरकारनें कांहीं अटींवर ही बंदी उठविली: उघड्या खाणींत रात्रींही, आणि भुयारी खाणींत दिवसा, तांत्रिक व देखरेखीच्या कामांसाठीं. माझ्या भाचीला आलेलें पत्र या अर्थानें अगदीं नव्या काळचें होतें. परंतु मुलीनें एकटीनें शिकण्यासाठीं दूर जावें काय, हा प्रश्न मात्र नवा नव्हता. त्याला उत्तर एका मराठी मुलीनें १३६ वर्षें आधीं देऊन ठेवलें होतें.

ती मुलगी आनंदीबाई जोशी. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील श्रीरामपूर येथें, वयाची अठरा वर्षें पुरीं होण्याच्या आंत, तिनें एका सभेंत आपण अमेरिकेस कां जात आहों याचें जाहीर विवेचन केलें. हें व्याख्यान प्रसिद्ध आहे. पण त्याची रचना पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात ते तिनें एकापुढें एक मांडले आणि एकेकाचें उत्तर दिलें. अमेरिकेसच कां? या देशांत शिकण्याची सोय नाहीं काय? एकटीच कां? परत आल्यावर ज्ञाति वाळींत टाकणार नाहीं काय? कांहीं संकट ओढवलें तर काय करशील? आणि कोणा स्त्रीनें केलें नाहीं तें तूंच कां करावें? या सहा प्रश्नांत, थोडे शब्द बदलले तर, आजच्या कोणत्याही घरांतला सगळा वाद सामावतो. विशेष हें, कीं प्रश्न दुसऱ्यांचे असले तरी मांडणी तिची होती. ती गप्प बसली नाहीं.

७ एप्रिल १८८३ रोजीं ती कलकत्त्याहून निघाली. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें तिला वैद्यकाची पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती परत आली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूकही झाली होती. परंतु ती जागा तिला सांभाळतां आली नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बावीस वर्षेंही पुरीं झालीं नसतांना, क्षयानें पुण्यास तिचा अंत झाला. हें आपण विसरतां कामा नये. "जा, सगळें ठीक होईल," असें म्हणणाऱ्यांनीं तर मुळींच विसरूं नये. थंडी, न मानवणारें अन्न, अभ्यासाचे श्रम यांनीं तिची आधींच नाजुक असलेली प्रकृति खचली. रोझेल गांवीं कार्पेंटरबाईंनीं तिला पोटच्या मुलीसारखें वागविलें, हें तिचें भाग्य. तो एक आधार नसता तर पदवीपर्यंत पोंचणेंही कठीण होतें. मग तिनें जावयास नको होतें काय? असें मी म्हणणार नाहीं, आणि तीही म्हणाली नसती. पण या चरित्रावरून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपण घरांत 'पाठवावें कीं न पाठवावें' यावर रात्रीच्या रात्री घालवितों, आणि 'पाठविल्यावर तिचें तेथें कसें निभावेल' याला शेवटचीं दहा मिनिटें देतों. हें प्रमाण उलट हवें. घराचें खरें काम परवानगी देण्याचें नाहीं; व्यवस्था करण्याचें आहे. आजीची वाघाची भीति, आईची जेवणाची काळजी आणि वडिलांचें अंतर हीं नकाराचीं कारणें म्हणून दुबळीं आहेत. पण तयारीची यादी म्हणून तींच फार मोलाचीं आहेत.

आणखी एक उदाहरण वणीच्या अगदीं शेजारचें आहे. नदीपलीकडे वरोऱ्यास मुरलीधर देवीदास आमटे नांवाचे वकील राहत. बाबा आमटे हें त्यांचें नांव आज घरोघरीं ठाऊक आहे. कुष्ठरोग्यांची सेवा करावयाची तर नुसती करुणा पुरत नाहीं, त्या रोगाची विद्या हवी, हें ओळखून १९४९ च्या सुमारास ते कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयांत शिकावयास गेले. वय पस्तिशीच्या घरांत, गांव अनोळखी, भाषा परकी, आणि विद्या तर वकिलाला अगदींच नवी. ही देखील उमेदवारीच होती, आणि तिला मुदत होती. ते परत आले, आणि १९५१ सालीं वरोऱ्याजवळच्या माळावर आनंदवनाचें काम प्रत्यक्ष उभें राहूं लागलें. या हकीकतीत कलकत्त्याइतकेंच महत्त्व वरोऱ्याच्या घराला आहे. तेथें साधनाताई विकास आणि प्रकाश या दोन लहान मुलांना घेऊन राहिल्या होत्या. उमेदवार एक जण असतो, पण उमेदवारी सबंध घर करीत असतें. जो जातो त्याच्या वांट्याचें काम मागें राहणाऱ्यांच्या अंगावर पडतें. म्हणून कोण काय उचलणार, हें निघण्याआधीं मोकळेपणानें बोलून घ्यावें. तें न बोलतां जो जातो त्याचें मन तेथें लागत नाहीं, आणि घरचीं माणसें मनांत हिशेब मांडूं लागतात.

एवढें बोलून मी भाचीकडे वळलों आणि म्हटलें, "आनंदीबाईंनीं केलें तें तूं कर. एक कागद घे आणि यांचे प्रश्न यांच्यासमोर लिही." ती उठली, कागद घेऊन बसली. तेथें मला शिकविणारा कोण? पुण्यास मिळणार नाहीं असें तेथें काय आहे? राहणार कोठें, आणि आजारी पडलें तर हांक कोणाला मारणार? माझ्यामागें आजीच्या डोळ्यांच्या औषधाची वेळ कोण सांभाळणार? आणि काम मानवलें नाहीं तर मुदतीआधीं परत येण्याची मोकळीक मला आहे काय? शेवटचा प्रश्न तिनें वडिलांकडे पाहून वाचला. माझे मेहुणे क्षणभर थांबले आणि म्हणाले, "परत आलीस तर कोणी 'कां आलीस' म्हणून विचारणार नाहीं." मला वाटतें, निर्णय झाला तो त्या वाक्यानें. परतीची वाट मोकळी आहे असें ज्याला ठाऊक असतें, तोच पुढें धीटपणें पाऊल टाकतो.

पुढचे पंधरा दिवस व्यवस्थेंत गेले. खाणीवर पत्र धाडून शिकविणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव आणि कामाची रूपरेषा मागविली. वडील स्वतः वणीस जाऊन राहण्याची खोली, दवाखाना आणि खाणीवर नेणाऱ्या गाडीची वेळ पाहून आले. चैत्र-वैशाखांत तेथें पारा ४५ अंशांच्या पुढें जातो, तेव्हां शेवटच्या महिन्याच्या उन्हाची तरतूद काय, हेंही त्यांनीं घरमालकिणीला विचारून घेतलें. आजीनें मेतकुटाचा डबा भरला. तिचा विरोध मावळला नव्हता. पण विरोध करीत करीत डबा भरणें, ही आपल्याकडच्या आज्यांची जुनी रीत आहे.

मार्गशीर्षांत भाचीचें पहिलें सविस्तर पत्र आलें. भाजीवाल्याकडे तिनें कोथिंबीर मागितली, तर तो म्हणाला, "सांबार म्हना ना, ताई!" वऱ्हाडांत कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हें तिला भूशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथांत सांपडलें नव्हतें. पण पत्रांतला मला आवडलेला भाग निराळाच आहे. देखरेखीखालीं ती प्रथमच भुयारी खाणींत उतरली, तेव्हां तिच्याबरोबरच्या वयस्क माइनिंग सरदारानें हातांतल्या काठीनें वरचें छत ठोकून पाहिलें. भरीव आवाज आला कीं छत मजबूत. पोकळ आवाज आला कीं थर सुटलेला आहे, तेथें उभें राहूं नये. ही गोष्ट तिनें पुस्तकांत वाचली होती. परंतु दोन आवाजांतला फरक कानाला कळावयास तिला आठ दिवस लागले. पहिले सात दिवस, ती लिहिते, मला दोन्ही आवाज सारखेच वाटत होते. आठव्या दिवशीं सरदारकाका कांहीं म्हणण्याआधींच मी मागें सरकलें.

बहिणीनें तें पत्र आजीला मोठ्यानें वाचून दाखविलें. मागें सरकल्याचें वाक्य आजीनें दोनदां वाचावयास सांगितलें, आणि मग त्या सरदाराच्या घरीं मुलेंबाळें किती आहेत, तें लिहून विचारावयास सांगितलें.